पिसपंखी भुंगेरे: अर्ध्या मिलिमीटरच्या कुलाचं वर्गीकरण कसं वाचायचं?

गेल्या वर्षी आरएसीसमोर, म्हणजे आमच्या संशोधन सल्लागार समितीसमोर, माझं सहामाही सादरीकरण होतं. एका स्लाइडवर मी दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. डावीकडे गडद तपकिरी, डोळे असलेला, पंख असलेला भुंगेरा. उजवीकडे फिकट पिवळसर, ना डोळे ना पंख. दोघेही जेमतेम पाऊण मिलिमीटरचे. दोघेही खारघरच्या टेकडीच्या पायथ्याशी, एकाच कुजक्या ओंडक्याच्या सालीखाली सापडलेले. फोटोंखाली मी लिहिलं होतं, 'कुल टिलिइडी, जाती १' आणि 'कुल टिलिइडी, जाती २'.

समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी चष्मा वर सरकवून विचारलं, "या दोन जाती आहेत, हे कशावरून?"

"मॅडम, दोघं किती वेगळे दिसतात," मी म्हटलं.

"वेगळे दिसतात, हे मलाही दिसतंय. जाती वेगळ्या, हे कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या स्लाइड्स मी कशाबशा उरकल्या. त्या दिवशी बेलापूरहून लोकलने घरी येताना तो एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. आजची पोस्ट त्याच प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, काहींनी विषय शोधायला सुरुवात केली असेल. तुमचा विषय कीटक नसेल, तरी शेवटपर्यंत वाचा. कारण 'हे वेगळं कशावरून?' आणि 'हे एकत्र कशावरून?' हे दोन प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणारच आहे.

आधी ओळख करून घेऊ

शाळेत आपण वर्गीकरणाच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. भुंगेऱ्यांचा गण कोलिऑप्टेरा. आजवर वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे चार लाख आहेत. या गणातलं टिलिइडी हे एक कुल. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'पी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. ग्रीक भाषेत 'टिलॉन' म्हणजे पीस. मराठीत यांना रूढ नाव नाही, म्हणून मी त्यांना पिसपंखी भुंगेरे म्हणते.

या कुलातल्या सहाशेहून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत. बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान. कुजलेला पाचोळा, शेणखत, सडकं लाकूड, सालीखालची ओलसर जागा, झाडावरच्या भूछत्रांची छिद्रं, मुंग्यांची वारुळं, असे यांचे पत्ते. खाणं बुरशीचे बीजाणू आणि तंतू. म्हणजे माणसाला ना त्रास, ना फायदा. पिकाची कीड नसल्यामुळे यांच्यावर निधी मिळत नाही, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे यांचे फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

यातला सगळ्यात लहान सायडोसेला मुसावासेन्सिस. डब्ल्यू. यूजीन हॉल यांनी १९९९ मध्ये निकाराग्वातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पण ते नमुने सूक्ष्मदर्शकासाठी स्लाइडवर कायमचे बसवलेले होते, त्यामुळे त्यांची लांबी अचूक मोजता येत नव्हती. २०१५ मध्ये रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव यांना कोलंबियातल्या चिकाके उद्यानात एका बुरशीवर हीच जात सापडली. त्यांनी पुन्हा मोजमाप केलं. सगळ्यात लहान भुंगेरा भरला ०.३२५ मिलिमीटर. राजगिऱ्याचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका दाण्याच्या रुंदीत असे तीन भुंगेरे ओळीने बसतील. स्वतंत्रपणे जगणाऱ्या कीटकांमध्ये हा ज्ञात असलेला सगळ्यात लहान. 'स्वतंत्रपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत वाढणाऱ्या काही परजीवी गांधीलमाश्या याहूनही लहान असतात.

या मोजमापाच्या गोष्टीत आपल्यासाठी एक धडा आहे. नमुना कसा ठेवला होता, यावर आकडा अवलंबून असतो. कोणाचाही आकडा उद्धृत करण्याआधी तो कशावर आणि कसा मोजला, हे मूळ लेखात जाऊन बघा.

सापडतात कसे?

चिमट्याने उचलून तर नक्कीच नाही. यासाठी बर्लेसे फनेल वापरतात. इटलीच्या अँतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यात विजेचा दिवा आणला. कल्पना अगदी साधी. नरसाळ्यात जाळी, जाळीवर पाचोळा, वर दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. पाचोळा वरून सुकत जातो तसे आतले जीव ओलाव्याकडे, खाली सरकतात आणि बाटलीत पडतात.

माझी सगळी जुळवाजुळव घरगुती आहे. रॉकेल ओतायचं मोठं प्लास्टिकचं नरसाळं, स्वयंपाकघरातली जुनी चाळणी आणि ४० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, त्याची उष्णता पुरत नाही. आई पहिल्यांदा ते बघून म्हणाली, "पिल्लं उबवतेस की काय?"

नवी मुंबईत याचा हंगाम म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे. जूनमध्ये टेकड्या हिरव्या होतात, लाकडांवर बुरशी धरते, आणि नोव्हेंबरनंतर सगळं खडखडीत वाळतं. त्या चार-पाच महिन्यांत जे गोळा होईल त्यावर उरलेलं वर्ष बसायचं. आणि हो, गोळा करण्याआधी परवानगी. वनजमीन असेल तर वनविभागाची, आणि जैवविविधता कायदा, २००२ खाली काय लागतं ते आपल्या गाईडना विचारून घ्या. हे आधी केलं नाही, तर नमुने हातात असूनही पेपर अडकतो.

एका नावाची गोष्ट

आता वर्गीकरणाकडे वळू. जुने ग्रंथ चाळायला लागलात, तर टिलिइडी हे नाव तुम्हाला बऱ्याचदा दिसणारच नाही. तिथे असेल ट्रायकोप्टेरिजिडी. मीही पहिले दोन आठवडे ही दोन वेगळी कुलं समजून वेगळ्या नोंदी करत होते. हसू नका.

कुलाचं नाव त्यातल्या एका प्रजातीच्या नावावरून तयार होतं. एकोणिसाव्या शतकात यातल्या एका प्रजातीला ट्रायकोप्टेरिक्स, म्हणजे 'केसांच्या पंखांचा', असं नाव मिळालं होतं. त्यावरून ट्रायकोप्टेरिजिडी. इंग्लंडमधले धर्मगुरू अँड्र्यू मॅथ्यूज यांनी १८७२ मध्ये या भुंगेऱ्यांवर सचित्र ग्रंथ काढला, त्याच्या शीर्षकातही ट्रायकोप्टेरिजिया हाच शब्द आहे. फक्त एक अडचण होती. ट्रायकोप्टेरिक्स हे नाव त्याआधीच एका पतंगाला देऊन झालं होतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार दोन प्रजातींना एकच नाव चालत नाही, आधीचं टिकतं. मग भुंगेऱ्यांसाठी मोत्शुल्स्की यांनी १८४८ मध्ये दिलेलं ॲक्रोट्रायकिस हे नाव रूढ झालं, आणि कुलाला टिलियम या दुसऱ्या प्रजातीवरून टिलिइडी.

यात भुंगेरा तसूभरही बदलला नाही. बदललं ते फक्त लेबल. हा नामकरणाचा बदल, वर्गीकरणाचा नाही. लेखात जुनं नाव दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा: नाव बदललं, की गटाची हद्द बदलली? पहिल्या प्रकारात कोणाकडेही नवा पुरावा लागत नाही, नियमांचं पुस्तक पुरतं. दुसऱ्या प्रकारात मात्र पुरावा लागतो.

लहान झालं की सगळे सारखे दिसतात

या कुलाची खूण म्हणून पुस्तकात काय दिलेलं असतं? पिसासारखे पंख: मधे पातळ पडद्याची चिंचोळी पट्टी आणि कडेने लांब केसांची झालर. शृंगिका, म्हणजे मिशा, बारीक आणि लांब केसांच्या, टोकाला दोन-तीन मोठे खंड. पायाचा शेवटचा भाग तीन खंडांचा. वाचून वाटतं, झालं, पंखांची झालर दिसली की टिलिइडी.

पण थांबा. मिरचीवर चुरडा-मुरडा आला की शेतकरी ज्यांना शिव्या देतात, त्या फुलकिड्यांचे पंखही झालरीचेच असतात, आणि त्यांचा भुंगेऱ्यांशी जवळचा काहीही संबंध नाही. सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्यांचे पंखही तसेच. इतकंच काय, भुंगेऱ्यांमध्येच हायड्रोस्कॅफिडी, कोरिलोफिडी अशा दुसऱ्या लहान कुलांतही पंखांना झालर आहे.

असं का होतं? कारण इतक्या लहान जीवासाठी हवा आपल्यासारखी हलकी राहत नाही. भौतिकशास्त्रवाल्यांनी रेनॉल्ड्स अंक आठवावा. अर्ध्या मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला हवेतून जाणं म्हणजे आपल्याला काकवीतून पोहण्यासारखं. हवा दोन केसांच्या मधून सहज निसटत नाही, म्हणून केसांची झालर जवळजवळ पूर्ण पडद्याइतकंच काम करते आणि वजन मात्र फार कमी. जानेवारी २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये याच कुलातल्या पॅराट्युपोसा प्लासेंटिस या जातीच्या उड्डाणावर संशोधन आलं. या भुंगेऱ्याची लांबी सुमारे ०.४ मिलिमीटर. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्यावर दिसलं, की त्याचे पंख इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रुंद फेरी मारतात आणि वरचे कडक पंख शरीर जास्त डोलू नये म्हणून तोल सांभाळतात. एवढासा जीव त्याच्या आकाराच्या मानाने चांगलाच वेगाने उडतो.

आता याचा वर्गीकरणाशी संबंध बघा. झालर हा लहान होण्याचा परिणाम असेल, तर जो कोणी लहान होईल त्याला ती येईल, मग तो कोणाच्याही वंशातला असो. हेच इतर गोष्टींचं. शरीर लहान होताना खंड कमी होतात, पंखांवरच्या शिरा कमी होतात, आतले अवयव साधे होतात. एकदा एका वेळी एकच अंडं घालायची वेळ आली, की ते अंडंही आईच्या निम्म्या लांबीचं होतं. म्हणजे दोन जीव सारखे दिसतात, ते पुष्कळदा एकाच पूर्वजाकडून काही मिळालं म्हणून नाही, तर दोघांनीही तेच गमावलं म्हणून.

मला या सगळ्या विषयातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: जे हरवलंय त्यावरून नातं जुळवू नका. डोळे नाहीत, पंख नाहीत, शिरा नाहीत, हा पुरावा कच्चा. कारण गमावणं सोपं असतं आणि ते पुन्हा पुन्हा घडू शकतं. नवं, गुंतागुंतीचं काही दोघांकडे सारखंच असेल, तर तो पुरावा पक्का. म्हणून आज या कुलाची जागा ठरवताना पंखांची झालर एकटी घेत नाहीत. पंखांच्या घड्या कशा पडतात, अळीची रचना कशी आहे, डीएनए काय सांगतो, हे सगळं एकत्र बघतात. त्यातून दिसलेलं चित्र असं: टिलिइडीचे जवळचे नातलग म्हणजे हायड्रीनिडी, ओढ्याकाठी राहणारे काही मिलिमीटरचे पाणभुंगेरे. त्यांना पिसपंख नाहीत. दिसायला जवळचे एक, नात्याने जवळचे दुसरेच.

बाहेर काढलेलं आणि परत आत घेतलेलं घर

गमावलेल्या गोष्टींनी तज्ज्ञांनाही कसं चकवलं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे लिम्युलोडिडी. मुंग्यांबरोबर राहणारे काही भुंगेरे आहेत. पुढून रुंद, मागे निमुळते, पाण्याच्या थेंबासारखे. डोळे नाहीत किंवा नावापुरते, पंख नाहीत. अशा शरीराला मुंगीच्या जबड्यात पकड सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात यातले काही टिलिइडीत ठेवले गेले, तर काही स्टॅफिलिनिडी या दुसऱ्याच मोठ्या कुलात.

१९४३ मध्ये शिकागोचे सीव्हर्स आणि डायबास यांनी दोन्हीकडचे हे मुंग्यांचे पाहुणे एकत्र आणून नवं कुल केलं, लिम्युलोडिडी. त्यांचं अर्धं म्हणणं आजही टिकून आहे: दोन कुलांत विखुरलेले हे भुंगेरे एकमेकांचे नातलग आहेत. उरलेलं अर्धं, म्हणजे त्यांचं स्वतंत्र कुल आहे, हे मात्र आता मानलं जात नाही. त्यांना परत टिलिइडीतच घेतात.

का? एखाद्या घराण्याची वंशावळ डोळ्यांसमोर आणा. चार भावांपैकी एक मुंबईला आला, त्याचं राहणीमान बदललं, आडनावही त्याने वेगळं लावलं. म्हणून काय तो वंशावळीतून जातो? त्याला वगळून 'हे आमचं पूर्ण घराणं' म्हटलं, तर ती वंशावळ अपुरी. कुल म्हणजे एका पूर्वजाची सगळी संतती, कोणालाही न वगळता. याला मोनोफायली म्हणतात, आणि नेटला यावर प्रश्न येतो. मुंग्यांकडे राहायला गेलेले हे भुंगेरे कितीही वेगळे दिसले, तरी त्यांची मुळं पिसपंखींच्याच वंशात असतील, तर त्यांना बाहेर काढणं म्हणजे उरलेलं टिलिइडी अपुरं करणं.

हा झाला हद्दीचा बदल. ट्रायकोप्टेरिजिडीच्या वेळी फक्त पाटी बदलली होती, इथे घराची भिंत हलली. तिसरा प्रकारही आहे, तो हुद्द्याचा. सायडोसेला ज्यात येतो तो नॅनोसेलाचा गट तुम्हाला कुठे उपकुल म्हणून दिसेल, तर हॉल यांच्या १९९९ च्या पुनरीक्षणात ट्राइब म्हणून. गटातले सदस्य साधारण तेच, फक्त पायरी वेगळी. नावाच्या शेवटावरून हे कळतं: 'इडी' म्हणजे कुल, 'इनी' म्हणजे ट्राइब, आणि उपकुलाचा शेवट लिहिताना 'आय-एन-ए-ई'. वाचताना या तीन बदलांची गल्लत करू नका: नावाचा, हद्दीचा आणि हुद्द्याचा. माझी केली होती, म्हणून सांगतेय.

आणि हे सगळं लहान होणं अलीकडचं आहे असंही समजू नका. म्यानमारच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या डिंकात, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा एक पिसपंखी सापडला. २०१८ मध्ये त्याचं नाव ठेवलं केकव्हिअस जेसन. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. डायनोसॉर फिरत होते तेव्हाही हे पाचोळ्यात याच मापाचे होते.

माझ्या दोन जातींचं काय झालं?

आता परत माझ्या स्लाइडकडे. मॅडमच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले आणि पुन्हा डायबास यांच्याकडेच पोहोचले. हेन्री डायबास हे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये होते आणि १९७८ मध्ये त्यांनी पिसपंखींमधल्या बहुरूपतेवर लिहिलं होतं. सडक्या लाकडात, सालीखाली राहणाऱ्या काही प्रजातींत एकाच जातीची दोन रूपं असतात. एक गडद, डोळस, पंखवालं. दुसरं फिकट, आंधळं, बिनपंखांचं. कारणही पटण्यासारखं आहे. ओंडका टिकलाय तोवर सालीखालच्या अंधारात डोळे आणि पंख वागवण्याचा खर्च कशाला? पण ओंडका कधीतरी संपणार, तेव्हा दुसरा शोधायला काही जण उडू शकणारे हवेत.

म्हणजे माझ्या 'जाती १' आणि 'जाती २' मधला फरक नेमका गमावलेल्या गोष्टींचाच होता. डोळे गेले, पंख गेले, रंग गेला. कच्चा पुरावा.

मग पक्का पुरावा कुठे शोधायचा? या कुलात जाती ओळखायला स्पर्मथिका बघतात. मादीच्या शरीरात नराकडून आलेले शुक्राणू साठवायची ही छोटी पिशवी. तिचे वळसे आणि आकार जातीजातीत वेगळे असतात आणि डोळे किंवा पंख गेल्याने ते बदलायचं कारण नसतं. शिवाय डीएनए. इतक्या लहान जीवाचा पाय तोडून डीएनए काढता येत नाही. अख्खा भुंगेरा द्रावणात रात्रभर ठेवायचा, आतल्या पेशी विरघळतात, कवच शाबूत राहतं. सकाळी द्रावणातून डीएनए आणि कवचातून स्पर्मथिकेची स्लाइड. एकाच नमुन्यातून दोन पुरावे.

लिहायला दोन ओळी, करायला चार महिने. पहिले काही नमुने तर पिपेटच्या आत चिकटून हरवले. एक शिंकेने गेला, हे खरं आहे. शेवटी दोन्ही रूपांच्या माद्यांच्या स्लाइड्स शेजारी ठेवल्या तेव्हा स्पर्मथिकेचे वळसे सारखेच होते. मग सीओआय जनुकाचा तुकडा मिळाला, तोही जुळला. म्हणजे जात एकच.

एक गोष्ट अजून. माझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये एकही नर नाही. मोह होतो लिहायचा, की ही नराशिवाय प्रजनन करणारी जात आहे. तसं या कुलात होतं, डायबास यांनीच १९६६ मध्ये त्याचे पुरावे मांडले होते. पण 'मला नर सापडला नाही' आणि 'नर नसतोच' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या हातात आज फक्त पहिलं आहे, म्हणून अहवालात पहिलंच गेलं.

पुढच्या आरएसीला मी तीच स्लाइड परत लावली. या वेळी दोन फोटोंखाली एकच नाव होतं. माझ्या यादीतली जातींची संख्या एकने कमी झाली होती, आणि संशोधनात संख्या कमी होणं कोणाला आवडत नाही. मॅडमनी स्लाइड वाचली, "हं, आता सांग," म्हणाल्या आणि पुढचे वीस मिनिटं प्रश्न विचारत राहिल्या. सगळ्यांची उत्तरं आली असं नाही. पण 'कशावरून' याचं उत्तर होतं.

तुम्ही यात पडणार असाल तर

ब्रिटिश काळात भारतातल्या प्राण्यांवर 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ही ग्रंथमाला निघाली. त्यात लांबशिंगी भुंगेऱ्यांवर १९०६ चा गहान यांचा खंड आहे, स्टॅफिलिनिडीवर १९३० ते १९३९ या काळातले कॅमेरॉन यांचे खंड आहेत. पिसपंखींच्या वाट्याला एकही खंड आला नाही. म्हणजे इथे काम करणाऱ्याला हाताशी तयार किल्ली नाही. जगभरच्या विखुरलेल्या लेखांतून ती स्वतः जुळवावी लागते. हे अवघड आहे, आणि हेच या विषयात यायचं कारणही आहे.

तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून करा. एक, प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: जागा, तारीख, पाचोळा की साल की शेण. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. दोन, प्रत्येक जागेचे काही नमुने शुद्ध इथेनॉलमध्ये, थंड जागी, डीएनएसाठी वेगळे ठेवा. तीन, नाव ठरेपर्यंत बाटलीवर 'जाती १' लिहू नका. 'रूप १' लिहा. दिसणं ही नोंद आहे, जात हा निष्कर्ष आहे. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, की आपणच आपल्याला फसवतो.

आणि फार वाट बघू नका. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. त्या टेकडीवरच्या पाचोळ्याची एकही बाटली माझ्याकडे नाही, मी कामाला लागले तेव्हा टेकडी उरली नव्हती. तिथे काय होतं यावर मी आता काहीच म्हणू शकत नाही, ना 'होतं' ना 'नव्हतं'. खारघरचा तो ओंडकाही या पावसाळ्यात बहुतेक भुसा होऊन जाईल. त्यातले पंखवाले तोवर उडून दुसरा ओंडका शोधतील अशी आशा आहे.

तुमच्या घरामागे सडकं लाकूड असेल, तर या जूनमध्ये एक साल उचलून बघा. भिंग १० एक्सचं तरी घ्या, आणि श्वास जरा रोखून धरा.